सही करणारे वेगळे, लढणारे वेगळे

दोघांच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, असे व्यवहारी माणूस सांगतो. शेजारचे घर पेटले असता आपल्या ओसरीवर स्वस्थ बसून राहणाऱ्यास शेजारी म्हणू नये, असेही तोच माणूस दुसऱ्या प्रसंगी सांगतो. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात हे दोन्ही उपदेश सोयीप्रमाणे वापरले जातात. एखाद्या देशात यादवी पेटली, की एक पक्ष मानवतेच्या नावाने हस्तक्षेपाची मागणी करतो आणि दुसरा पक्ष सार्वभौमत्वाचा हवाला देऊन ती फेटाळतो. दोघांच्याही भात्यात इतिहासातील दाखले भरपूर असतात. म्हणूनच ‘बाहेरच्यांनी जावे की जाऊ नये’ एवढ्याच स्वरूपात विचारलेल्या प्रश्नाला उपयुक्त उत्तर कधी मिळत नाही. कोणाच्या बोलावण्यावरून गेले, कोणाच्या सहीने गेले, तेथे कोणते काम अंगावर घेतले आणि परत कधी फिरले, हे प्रश्न विचारल्याखेरीज हस्तक्षेपाने शांतता जवळ आली की दूर गेली, याचा निवाडा होऊ शकत नाही.

या प्रश्नांचा विचार भारतीय वाचकाने दूरच्या देशांपासून सुरू करण्याचे कारण नाही. भारताने स्वतः शेजारच्या भूमीवर दोनदा मोठे सैन्य पाठविले: १९७१ साली पूर्व बंगालमध्ये आणि १९८७ साली श्रीलंकेत. पहिल्या मोहिमेची आठवण अभिमानाने काढली जाते. दुसरीचा उल्लेख शक्यतो टाळला जातो. परंतु शिकण्यासारखे अधिक आहे ते दुसरीतच.

करार झाला, पण कोणाकोणांत?

श्रीलंकेतील कलह बाहेरून आलेला नव्हता. १९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा झाला आणि सरकारी नोकरीवर जगणाऱ्या सुशिक्षित तामिळ मध्यमवर्गाच्या पायाखालची जमीन सरकली. पुढच्याच वर्षी पंतप्रधान बंदरनायके आणि तामिळ नेते चेल्वनायकम् यांच्यात प्रादेशिक स्वायत्ततेविषयी समझोता झाला. पण बौद्ध भिक्षूंच्या व विरोधी पक्षाच्या दडपणाखाली १९५८ साली तो मोडण्यात आला. १९६५चा दुसरा समझोताही असाच वाया गेला. सनदशीर मार्गाने मिळालेली वचने वारंवार मोडली गेली, की वचन मागणाऱ्यांची जागा बंदूक मागणारे घेतात. १९७६ साली वड्डुकोड्डै येथे तामिळ पक्षांनी स्वतंत्र राज्याचा ठराव केला, १९८१ साली जाफन्याचे सुमारे ९७ हजार ग्रंथांचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले, आणि जुलै १९८३ मध्ये तेरा सैनिकांच्या हत्येनंतर कोलंबोसह ठिकठिकाणी तामिळांची घरेदारे व दुकाने पेटविण्यात आली. तेथून पुढे यादवीला तोंड फुटले आणि निर्वासितांचे लोंढे सामुद्रधुनी ओलांडून तामिळनाडूच्या किनाऱ्याला लागले.

भारताचा हस्तक्षेप १९८७ साली सुरू झाला, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तो त्याआधीच, १९८३ नंतर, तामिळ तरुणांच्या सशस्त्र गटांना भारतात आश्रय, शिक्षण व शस्त्रे मिळू लागली तेव्हाच सुरू झाला होता. एका हाताने बंडखोरांना बळ द्यायचे आणि दुसऱ्या हाताने थिंफू येथे १९८५ साली वाटाघाटी घडवून आणायच्या, असे हे दुहेरी धोरण होते. १९८७च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या सैन्याने वडमराची भागात जोरदार मोहीम उघडली. ४ जून रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी जाफना द्वीपकल्पावर धान्य व औषधे टाकली. त्यात मदतीपेक्षा इशाराच अधिक होता, हे कोलंबोने ओळखले. आठ आठवड्यांच्या आत, २९ जुलै १९८७ रोजी, राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या.

करारातील कलमे वाईट नव्हती. श्रीलंका हा अनेक भाषा बोलणाऱ्या अनेक समाजांचा देश आहे, ही मान्यता त्यात होती; उत्तर व पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र करून त्यांना निर्वाचित परिषद द्यावयाची होती; पूर्वेकडील जनतेचा कौल नंतर घ्यावयाचा होता. अठ्ठेचाळीस तासांत युद्धविराम आणि त्यानंतरच्या बहात्तर तासांत सर्व सशस्त्र गटांनी शस्त्रे खाली ठेवावी, असेही त्यात लिहिले होते. परंतु ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची, त्या लिट्टेची सही या कागदावर नव्हती. प्रभाकरन यांना दिल्लीत आणून कराराची माहिती देण्यात आली आणि त्यांच्या अनिच्छेला संमती समजण्यात आले. सिंहली बाजूलाही स्थिती फारशी वेगळी नव्हती. खुद्द पंतप्रधान प्रेमदासा सहीच्या समारंभाला गैरहजर राहिले. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना राजीव गांधींवर श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने वार केला. लढणारे दोन होते आणि सह्या करणारेही दोनच. पण लढणाऱ्यांपैकी एकाच्या जागी त्याचा पाठीराखा बसला होता. वादी गैरहजर असताना वकिलाने परस्पर तडजोड करावी आणि ती अमलात आणण्यासाठी वादीच्याच घरावर जप्ती न्यावी, तसा हा प्रकार झाला.

शांतिसेनेचे युद्ध

भारतीय शांतिसेना जाफन्यात उतरली तेव्हा लोकांनी तिचे हारतुऱ्यांनी स्वागत केले. हे स्वागत दोन महिनेही टिकले नाही. सप्टेंबरच्या अखेरीस लिट्टेचा तिलीपन हा तरुण जाफन्यात उपोषण करून मरण पावला. ऑक्टोबरच्या आरंभी समुद्रात पकडलेल्या लिट्टेच्या सतरा जणांना कोलंबोस नेण्याचा आग्रह श्रीलंका सरकारने धरला आणि त्यांतील बारा जणांनी विष घेऊन प्राण दिले. लिट्टेने पूर्वेकडे सिंहली नागरिकांच्या हत्या करून सूड उगविला. १० ऑक्टोबर रोजी, म्हणजे तामिळांच्या संरक्षणासाठी गेलेल्या सैन्याने किनाऱ्यावर पाय ठेवल्यापासून अवघ्या अडीच महिन्यांत, त्याच सैन्याची तोफ तामिळ शहराकडे वळली. ऑक्टोबरच्या मध्यास जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले. महिनाअखेर शहर हाती आले, पण त्याची किंमत नागरिकांनीही मोजली. जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व रुग्ण गोळीबारात बळी पडले आणि ज्या लोकांच्या विश्वासावर ही सेना उभी होती, त्या लोकांच्या मनातून ती कायमची उतरली.

सैनिकांच्या शौर्यात काही उणे नव्हते. मुंबईत जन्मलेले आणि महार रेजिमेंटच्या ८व्या बटालियनमध्ये असलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन् २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असताना शत्रूची रायफल हिसकावून लढले व धारातीर्थी पडले. या मोहिमेतील एकमेव परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर देण्यात आले. जे काम राजकारणाने करावयाचे ते सैनिकावर सोपविले, की त्याचे शौर्य कारणी लागत नाही, एवढाच या कथेचा अर्थ आहे. शांतिसेनेचे संख्याबळ काही हजारांवरून सत्तर हजारांपलीकडे गेले, सुमारे बाराशे जवान प्राणांस मुकले, आणि तरी ज्या शस्त्रांसाठी ही मोहीम होती ती शस्त्रे लिट्टेच्याच हाती राहिली.

दक्षिणेत आणखी एक वणवा पेटला. परके सैन्य मायभूमीत शिरले, ही हाक देऊन जनता विमुक्ती पेरामुना या सिंहली संघटनेने बंड पुकारले. ते चिरडताना १९८७ ते १९८९ या काळात हजारो सिंहली तरुण नाहीसे झाले. एका यादवीवर उतारा म्हणून दिलेल्या औषधाने दुसरी यादवी उत्पन्न केली. १९८९च्या आरंभी अध्यक्षपदी आलेल्या प्रेमदासांनी भारतीय सैन्याला परत जाण्यास सांगितले. इतकेच नव्हे तर त्या सैन्याशी लढण्यासाठी लिट्टेला शस्त्रेही पुरविली. कालचे हाडवैरी तिसऱ्याला घालविण्यापुरते एकत्र आले. २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. परतलेल्या जवानांच्या स्वागतास मद्रास बंदरावर तामिळनाडूचे मुख्यमंत्रीही गेले नाहीत. तीन महिन्यांच्या आत, जूनमध्ये, श्रीलंकेचे सैन्य व लिट्टे पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी आणि १ मे १९९३ रोजी कोलंबोत प्रेमदासा, असे या नाट्यातील दोघे प्रमुख लिट्टेच्या आत्मघातकी हल्ल्यांत मारले गेले.

हे अपयश का आले? लढणाऱ्याची सही नव्हती, हे पहिले कारण. भारत लवाद म्हणून गेला, पण तो लवाद नव्हता. कालपर्यंत एका पक्षाला शस्त्रे पुरविणारा तो होता. शस्त्र देणाऱ्यानेच ते परत मागितले, की दोन्ही पक्ष त्याला विश्वासघातकी म्हणतात. हे दुसरे कारण. तिसरे कारण हितसंबंधांचे. करारासोबत जोडलेल्या पत्रांत त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताविरुद्ध परकीय लष्करास मिळू नये, अशी तजवीज होती. आपल्या सुरक्षिततेची काळजी करण्यात भारताचे चुकले असे नव्हे. पण शांततेच्या कागदाला स्वहिताची पुरवणी जोडली गेली, की सिंहली माणूस ती पुरवणी आधी वाचतो आणि मूळ कागद नंतर.

१९७१चा दाखला

मग १९७१ साली काय वेगळे होते? हितसंबंध तेव्हाही होते. पाकिस्तानचे दोन तुकडे होणे भारताला नकोसे नव्हते. परंतु १९७०च्या निवडणुकीत पूर्व बंगालच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या होत्या. जनतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी शंका उरली नव्हती. २५ मार्च १९७१च्या रात्रीपासून त्या जनतेवर तिच्याच सरकारने सैन्य सोडले आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ३ डिसेंबरला सुरू झालेले युद्ध १६ डिसेंबरला संपले. सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मार्च १९७२च्या मध्यापर्यंत भारतीय सैन्य परतलेही. येणारे सैन्य किती स्वागतार्ह होते, हे ते किती लवकर परतले यावरून ठरते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तथापि या विजयाचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. तो हस्तक्षेप संहार थांबविण्यात व राष्ट्राच्या जन्मात यशस्वी झाला. त्या राष्ट्राला सुखाचा कारभार देणे त्याच्या हाती नव्हते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी शेख मुजीबूर रहमान यांची हत्या झाली आणि पुढची अनेक वर्षे ढाक्यात लष्करशहांची राजवट चालली. परके सैन्य दार उघडून देऊ शकते. घर चालविणे घरच्यांनाच भाग असते.

कंबोडियाचे उदाहरण याच्या जवळचे आणि तरीही भिन्न आहे. व्हिएतनामी सैन्याने ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह घेतले आणि पोल पॉटची नरसंहारक राजवट संपविली. हे काम जगातील इतर कोणीच करीत नव्हते. परंतु व्हिएतनाम पुढे दहा वर्षे तेथेच राहिला. मुक्तिदाता होता तो मालक झाला, अशी भावना वाढली. चीन, थायलंड व पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्याच्या विरोधकांना हात दिला आणि संयुक्त राष्ट्रसंघातील खुर्ची ख्मेर रूजच्या प्रतिनिधीकडेच राहिली. १९८९ साली व्हिएतनामी सैन्य परतल्यावर आणि १९९१ साली पॅरिसमध्ये चारही कंबोडियन गटांनी सह्या केल्यावरच निवडणुकीची वाट मोकळी झाली.

न जाण्याचीही किंमत

या दाखल्यांवरून कोणी म्हणेल, की लढणाऱ्यांना लढू द्यावे. एक पक्ष हरला की शांतता आपोआप येते. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड लुटवाक यांनी १९९९ साली नेमका हाच युक्तिवाद केला होता: अवेळी लादलेले युद्धविराम दोन्ही पक्षांना दम खाण्यास उसंत देतात आणि युद्ध लांबवितात. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण त्याची किंमत कोण देतो, हे रवांडाने दाखविले. एप्रिल १९९४ मध्ये तेथे संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक होते. कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने ही संख्या वाढविण्याऐवजी २७० पर्यंत उतरविण्याचे ठरविले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. तटस्थ राहणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचेही बळी असतात.

श्रीलंकेतील युद्ध शेवटी मे २००९ मध्ये एका पक्षाच्या संपूर्ण विजयानेच संपले. नॉर्वेच्या मध्यस्थीने २००२ साली झालेला युद्धविराम त्याआधीच कोसळला होता. बंदुका थांबल्या, हा लाभ लहान नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०११ साली नोंदविले, की अखेरच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मृत्युमुखी पडले असण्याची शक्यता आहे. बेपत्ता मुलांची छायाचित्रे घेऊन आया त्यानंतरही वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला बसत राहिल्या. स्मशानात शांतता असते. तिला कोणी सलोखा म्हणत नाही.

आणि येथेच १९८७च्या कराराची दुसरी बाजू दिसते. त्या करारामुळे राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली, तामिळ भाषेला राजभाषेचे स्थान मिळाले आणि प्रांतिक परिषदा अस्तित्वात आल्या. १९५७ पासून देशांतर्गत समझोत्यांनी जे साधले नाही, ते कागदावर का होईना, या बदनाम हस्तक्षेपाने साधले. उत्तर व पूर्व प्रांतांची जोडणी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या निर्णयाने रद्द झाली; पूर्वेकडील कौल कधी घेतलाच गेला नाही; उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायला सप्टेंबर २०१३ उजाडावे लागले. तरीही तामिळ मागणीला कायद्यात जो काही आधार आहे, तो तेवढाच आहे. सैनिकांनी जे करायचे ते फसले. मुत्सद्द्यांनी जे लिहिले त्यातील काही भाग टिकला, हा निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे.

गोठलेली शांतता आणि रुजलेली शांतता

बाहेरच्यांची उपस्थिती कधी कधी शांततेऐवजी नुसता विराम देते. सायप्रस बेटावर संयुक्त राष्ट्रांचे सैन्य मार्च १९६४ मध्ये आले. भारताचे माजी सरसेनापती जनरल थिमय्या यांनी त्याचे नेतृत्व केले आणि डिसेंबर १९६५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ते सैन्य तेथे असतानाच १९७४ साली ग्रीक लष्करशहांच्या चिथावणीने उठाव झाला आणि तुर्कस्तानने बेटाचा उत्तर भाग व्यापला. २००४ साली एकीकरणाच्या योजनेवर कौल घेतला गेला, तेव्हा तुर्की सायप्रसवासीयांनी ती स्वीकारली व ग्रीक सायप्रसवासीयांनी मोठ्या बहुमताने नाकारली. निळ्या शिरस्त्राणांचा पहारा आजही आहे. त्यामुळे माणसे मरत नाहीत, हे खरे. पण तडजोडीची निकडही कोणाला वाटत नाही.

याउलट मोझांबिकचा अनुभव. तेथील युद्धच मुळी बाहेरच्यांनी पोसलेले होते. रेनामो ही बंडखोर संघटना आधी ऱ्होडेशियाने उभी केली व पुढे दक्षिण आफ्रिकेने सांभाळली. शीतयुद्ध ओसरल्यावर हे आश्रय आटले, आणि रोममधील एका कॅथलिक सेवासंस्थेच्या मध्यस्थीने सरकार व रेनामो दोघांनी ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करारावर स्वतः सह्या केल्या. संयुक्त राष्ट्रांचे सैन्य त्यानंतर आले. त्याच वर्षी अंगोलात सैनिक निःशस्त्र होण्याआधीच निवडणूक घेतली गेली आणि हरलेला पक्ष पुन्हा रणात उतरला होता. तो धडा घेऊन मोझांबिकमधील निवडणूक एक वर्ष पुढे ढकलण्यात आली. बंडखोरांना राजकीय पक्ष चालविता यावा म्हणून निधी उभारला गेला, सतरा लाखांच्या आसपास निर्वासित घरी परतले, आणि १९९४च्या निवडणुकीनंतर सैन्य ठरल्याप्रमाणे निघून गेले. २०१३ साली रेनामो पुन्हा रानात गेली, हे खरे. पण मधली वीस वर्षे शेतकऱ्याला पेरलेले कापता आले, हे थोडे नव्हे.

अभ्यासकांचे निष्कर्षही याच दिशेने जातात. बार्बरा वॉल्टर यांनी दाखविले, की यादवीत तडजोड अडते ती मुख्यतः शस्त्र खाली ठेवल्यावर आपले रक्षण कोण करील, या भीतीने. तिसऱ्याची हमी तेथेच मोलाची ठरते. पेज फोर्टना यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शांतिसैन्य असलेल्या ठिकाणी युद्ध पुन्हा भडकण्याची शक्यता बरीच घटते, असे मांडले. म्हणजे हमीदाराची गरज आहे. नसती आहे ती पंचाच्या वेषातील पक्षकाराची.

या सर्वांतून हस्तक्षेपाच्या कसोट्या हाती येतात. जे लढत आहेत त्यांची सही हवी. मध्यस्थाने कोणाच्याही हाती आधी बंदूक दिलेली नसावी. अंगावर घेतलेले काम पहाऱ्याचे आहे की युद्धाचे, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असावे. आणि परतीची तारीख जाण्यापूर्वीच माहीत असावी. उघड नरसंहार चालू असेल, तेव्हा या कसोट्यांची वाट पाहत बसणे हा गुन्हा ठरेल. तेथे आधी मारणाऱ्याचा हात धरावा लागतो. पण असा प्रसंग आणि शेजारच्या राजकारणात आपले वजन वाढविण्याची संधी, यांतील फरक जाणूनबुजून पुसला जातो, तेव्हा अनर्थ होतो. श्रीलंका सरकारनेच कोलंबोजवळ शांतिसेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक उभारले आहे. त्या दगडावर ज्यांची नावे आहेत, त्यांनी आज्ञा पाळली. प्रश्न आज्ञा देणाऱ्यांना विचारायचा आहे. पुढच्या वेळी एखाद्या शेजाऱ्याच्या घरातून धूर निघू लागेल, तेव्हा दिल्लीत सर्वांत आधी पाहिले पाहिजे ते हे, की समोरच्या कागदावर सही कोणाची आहे.